लूमवरचं बोलणं

आधीच सांगते, माझं तोंड खराब आहे. सासर-माहेर दोन्हीकडच्या लोकांनी हे कधीच मान्य केलंय. तुम्हीही करून टाका, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

मी वनिता. भिवंडीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात बावीस वर्षं कांड्या भरते. कांडी म्हणजे लूमवर आडवा धावणाऱ्या धोट्याच्या पोटात बसते ती सुताची नळी. ती संपली की लूम थांबतो, म्हणून आमचे हात थांबून चालत नाहीत. कारखान्यात चोवीस लूम. ते चालू असले की शेजारणीच्या कानाला तोंड लावून बोंबललात तरी तिला ऐकू जात नाही. मग आम्ही बोंबलतच नाही. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरचीनं बघून ओळखायचं. शेठ आला की कॉलर ओढून दाखवायची, चहा आला की अंगठा तोंडाकडे न्यायचा. नवीन बाई आली की महिनाभर नुसती बावळटासारखी आमच्या तोंडाकडे बघत बसते. मग एक दिवस तिला कळायला लागतं, आणि त्या दिवसापासून ती आमच्या चहाड्यांत सामील होते.

माझी सासू ठकुबाई माझ्याआधी तीस वर्षं याच मशीनवर होती. लूमनं तिचे कान पार खाल्ले. डोळे मात्र अजून असे आहेत की समोरच्या गल्लीतल्या बायका काय बोलतात ते ती दारात बसून सांगते. टीव्हीचा आवाज बंद ठेवून सगळ्या मालिका बघते. दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेल्या मालिकांवर तिचा राग आहे. "ही बया बोलते एक नि दाखवते एक," म्हणते.

घरात आम्ही दोघीच. माझा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. मुलगा जीवन काल्हेरच्या गोडाऊनला लागला आणि लग्न झाल्यावर तिकडेच खोली घेऊन राहिला. त्यामुळे आमच्या घरी बोलणं सगळं लूमचं. मी ओठ हलवते, म्हातारी वाचते आणि तोंडानं उत्तर देते. आपला आवाज किती मोठा आहे ते तिला समजत नाही. आमचं भांडण झालं की माझं कोणाला ऐकू येत नाही आणि तिचं अख्ख्या चाळीला ऐकू येतं. म्हणजे गरीब बिचारी ती आणि खाष्ट मी, हा निकाल ठरलेला.

आणखी एक. भांडणात मी वरचढ व्हायला लागले की ती डोळे मिटते. मिटले की संपलं. मग नाचा, हातवारे करा, डोकं आपटा. तिच्या दृष्टीनं तुम्ही तिथे नाहीच. मला तिचा जेवढा राग येतो ना, त्यातला अर्धा त्या मिटलेल्या डोळ्यांचा असतो.

तर जानेवारीत आमच्या कारखान्यात रुचिका आली. दिल्लीत वाढलेली, आई नागपूरची, त्यामुळे मराठी थोडं तुटकं पण गोड. गाडी घेऊन दीड वर्षं भारतभर फिरत होती, डॉक्युमेंटरी बनवत. कच्छच्या मिठागरात गेली, आसामात होडीवर राहिली, आणि तशीच आमच्याकडे आली. मला वाटलं प्रश्न विचारेल. पगार किती, त्रास काय, सरकारला काय सांगाल. आधी आलेल्यांनी तेच विचारलेलं. हिनं काहीच विचारलं नाही. तिपाईवर कॅमेरा लावला, मागे स्टूल टाकून बसली आणि बघत राहिली. एक तास. दोन तास.

"तुला पाहिजे काय नेमकं?" जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं.

"काहीच नाही, ताई. मी फक्त बघते. फिल्ममध्ये कोणी काही समजावून सांगणार नाही, गाणं नाही. जे आहे ते."

"अगं, बसून बघायचं काम मला पण लाव की कुठं," मी म्हटलं. ती हसली. पोरगी चांगली होती, त्यात वाद नाही. एकच सांगायची, कॅमेऱ्याकडे बघू नका, मी नाहीच असं समजा. आणि हेही म्हणाली, "तुम्ही आपापसात काहीही बोला. इथे लूमशिवाय दुसरा आवाज येतच नाही."

हे वाक्य मी अगदी मनावर घेतलं. कॅमेऱ्याला कान असतात एवढंच माझ्या डोक्यात. त्याला डोळे असतात हे मी, लूमवर बावीस वर्षं काढलेली बाई, विसरले. सांगा आता, शहाणी म्हणायची की काय म्हणायचं!

त्या दिवशी माझं डोकं आधीच सरकलेलं होतं. सकाळी म्हातारीच्या हातून पिण्याच्या पाण्याची कळशी कलंडली. नळ गेलेला. मी पाण्यासाठी खालच्या मजल्यावर गेले, त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात ही दारात उभी राहून सगळ्या चाळीला सांगून मोकळी झाली, "सून पाणी देत न्हाय मला!" मी कळशी घेऊन जिना चढतेय आणि प्रत्येक दारातून एकेक बाई माझ्याकडे बघतेय. तशीच कामावर गेले.

कांडी मशीनवर माझ्या समोर जाईबाई असते. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. तिनं नेहमीसारखं विचारलं, "म्हातारी कशी हाय?"

आणि माझं तोंड सुटलं. म्हणाले, "आपण नवस करत नाही म्हणून गं, नाहीतर वज्रेश्वरीला जाऊन नवस बोलले असते. एकदाची जाऊ दे म्हणावं म्हातारी, मी तरी सुटेन."

झालं. बोलले आणि कांड्या भरायला लागले. कॅमेरा जाईबाईच्या पाठीमागे होता, तोंड माझ्याकडे. पुढे काय बोललो देव जाणे. त्यातलं हे एकच वाक्य मला पुढे आठवलं, तेसुद्धा आठ महिन्यांनी.

सप्टेंबरात रुचिका परत आली. फिल्म तयार झाली होती. तिचा नियम असा, की जिथे जिथे चित्रण केलं तिथल्या माणसांना आधी दाखवायचं, बाहेरच्यांना नंतर. आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून शुक्रवार ठरला. जागा आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराचा हॉल. पडदा म्हणून आमच्याच कारखान्यातलं कोरं कापड दोन पट्टे जोडून टांगायचं, हे शेठनं कौतुकानं सांगितलं.

"आजींना नक्की आणा हं," रुचिका मला म्हणाली. "त्यांचा पण शॉट आहे, दारात लसूण सोलतानाचा. आणि हे बघा, हा तुमचा. सहा मिनिटं आहे, मध्ये कुठेही कापलेला नाही."

तिनं फोन माझ्यापुढे धरला. माझा चेहरा. मागे लूम धडधडताहेत. माझे हात कांड्या काढताहेत, लावताहेत. आणि मग मी मान वर केली आणि बोलले. अगदी स्वच्छ, एकेक अक्षर. वज्रेश्वरी. नवस. म्हातारी.

फोनमध्ये चेहरा एवढा स्पष्ट, तर भिंतीएवढ्या पडद्यावर केवढा दिसेल? आणि समोर कोण बसणार, तर अख्खा कारखाना, सगळे ओठ वाचणारे. आणि त्या सगळ्यांत जी सगळ्यात चांगलं वाचते ती माझी सासू.

"हे काढून टाक," मी म्हटलं.

"का?"

"मी चांगली दिसत नाही."

"ताई, काय बोलता! हा माझा सगळ्यात आवडता शॉट आहे. तुमच्या चेहऱ्यावर किती शांती आहे."

शांती! मला हसावं की रडावं कळेना. तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर पोरीनं एका मिनिटात काढलं असतं. तिला काय, ती ऐकणारी होती. पण सांगायचं कसं? जिच्या तोंडून आजवर फक्त ताई-ताई ऐकलं, तिला सांगायचं की मी माझ्या सासूचं मरण मागत होते? आयुष्यात पहिल्यांदा वेळेला तोंड बंद राहिलं, आणि तेही नको तिथे. म्हटलं, राहू दे, मी म्हातारीलाच नेणार नाही.

घरी येऊन तिला सांगितलं, कार्यक्रम रद्द झाला. तिनं मान हलवली. शुक्रवारी दुपारी बघते तर म्हातारी पांढरी साडी नेसून, केसांना तेल लावून दारात तयार. सहा डिसेंबरला आणि बुद्धपौर्णिमेला नेसते ती साडी.

"कुठं निघालात?"

"पिच्चर बघाया. जाईबाई सांगून गेली. तू म्हनलीस रद्द झाला, ती म्हनते न्हाय झाला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मी हाय त्यात. लसून सोलते."

आता त्या चेहऱ्यावरचा आनंद बघून कोण नाही म्हणेल? मी म्हटलं, चला.

हॉल भरलेला. म्हातारीला बाकी बायकांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी मुद्दाम तिच्या पुढे खाली बसले. मनात होतं, वेळ आली की उभी राहीन, पदर झटकीन, काहीतरी करीन.

फिल्म सुरू झाली. मीठ, पांढरं मीठ, त्यात चालणारी एक बाई. मग नदी. मग एक म्हातारा एसटीची वाट बघतोय, बघतोच आहे. मागे एक जण म्हणाला, "गाडी चुकली बहुतेक ह्याची." मग काल्हेरचा रस्ता आला, ट्रकमागे ट्रक, आणि हॉल एकदम जागा झाला. आपला रस्ता पडद्यावर बघायला वेगळंच वाटतं. रोज त्या खड्ड्यांतून शिव्या घालत जातो आपण, इथे बघताना वाटलं, बाई गं, केवढी माणसं रोज इथून जातात.

मग आमचा कारखाना. हरेश फिटर लूमला टेकून कॅमेऱ्याच्या बाजूला बघतोय, चेहरा गंभीर, फार मोठा विचार चालल्यासारखा. रुचिकानं तो शॉट दोन मिनिटं ठेवलेला. आणि त्यात हरेशचे ओठ हलतात. तो पलीकडच्याला सांगतोय, "ही बाई हलेल तर मी मुतायला जाईन, कधीचा अडकलोय."

हॉलमध्ये हशा फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. हरेश तोंड लपवून बाहेर पळाला. रुचिका भिंतीशी उभी होती, ती गोंधळली. तिला कळेना की एवढ्या गंभीर जागी लोक हसले कशाला. मी मात्र हसले नाही. कारण आता सगळ्यांना समजलं होतं की या पडद्यावर वाचायचं असतं.

म्हातारीचा शॉट आला. दारात बसून लसूण सोलते, वाऱ्यानं सालं उडतात, ती एकेक गोळा करून पुन्हा सुपात ठेवते. एवढंच. टाळ्या पडल्या. मी मागे वळून बघितलं. म्हातारी पडद्यावरच्या स्वतःकडे बघून हसत होती, तोंडातले राहिलेले चार दात दाखवून. नवरा गेल्यापासून मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

आणि मग मी आले. भिंतीएवढी.

उठायचं ठरवलं होतं ना? उठता येईना. पडद्यावरच्या माझ्या हातांनी कांडी काढली, दुसरी लावली. मान वर झाली. ती बोलली. सगळ्या हॉलनं वाचलं. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी मागे वळले नाही. उरलेली पाच मिनिटं मी माझ्याच चेहऱ्याकडे बघत बसले. ती पडद्यावरची बाई किती निवांत कांड्या भरत होती, मला तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

दिवे लागल्यावर वळले. म्हातारी सरळ बसलेली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ओठ हलवायला गेले, आणि तिनं डोळे मिटले.

घरापर्यंत जाईबाईनं तिचा हात धरला. मी मागून चालत गेले.

शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस. म्हातारी जेवत होती, अंघोळ करत होती, टीव्ही बघत होती. मी समोर आले की डोळे मिटायचे, मी सरकले की उघडायचे. ताट ठेवलं की डोळे मिटून घ्यायची, मी आत गेल्यावर जेवायची. ओरडली असती तर चाललं असतं. अख्ख्या चाळीला सांगितलं असतं की सून माझं मरण मागते, तरी मी म्हटलं असतं, सांगा, खरंच आहे. पण ती एक शब्द बोलली नाही. आमच्या खोलीतून तिचा आवाज येईना, तेव्हा शेजारणींनी दोनदा डोकावून विचारलं, आजी बऱ्या आहेत ना?

तिच्या हाताला हात लावला तर तिनं काढून घेतला. लिहून दाखवावं तर तिला वाचता येतं फक्त तोंड.

मला राग पण येत होता, खोटं कशाला बोलू? पाच वर्षं तिचं सगळं केलं. मी पण माणूस आहे. दमलेलं माणूस बोलतं काहीतरी. जाईबाई तिच्या सासूला काय काय बोलली असेल, तिच्यासमोर कोणी कॅमेरा लावला नाही म्हणून ती चांगली. हे सगळं मी भांडी घासताना मनात बोलत होते आणि मग लक्षात आलं की हे सांगायचं म्हटलं तर सांगू कोणाला? मशीनवर काय घडलं, शेठ काय बोलला, भाजी कितीला मिळाली, हे रोज घरी येऊन मी ज्या तोंडासमोर सांगते ते हिचंच. तीन दिवसांत मी घरात एक वाक्य बोलले नव्हते. मला रडू फुटलं. नळ सोडून रडले.

मंगळवारी सकाळी रुचिका निघायच्या आधी भेटायला आली. वाडा रस्त्यानं पुढे नाशिकला जायचं होतं तिला. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही न बोलता गेलात. फिल्म आवडली नाही का?"

म्हातारी तिच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी रुचिकाला आत घेतलं आणि सांगितलं. सगळं. मी काय बोलले ते अक्षरन् अक्षर, आणि ते तिथल्या सगळ्यांनी कसं वाचलं ते.

पोरगी मटकन खालीच बसली. "म्हणजे हरेशभाऊ पण... म्हणून सगळे हसले?"

"मग? तुला काय वाटलं?"

"मी तो तुमचा शॉट निदान शंभर वेळा बघितला, ताई. मला वाटलं तुम्ही धाग्याबद्दल काहीतरी सांगताय." तिचे डोळे भरले. "दीड वर्ष मी सगळीकडे नुसती बघत फिरले. मला वाटायचं मी बघते."

"रडू नको. तू रडून माझं काय होणार आहे?" मी जरा फटकारलंच. मग म्हटलं, "चूक तुझी नाही. जिनं तोंड उघडलं तिची आहे."

"मी काढून टाकते तो भाग. आजच."

"आता काढून काय उपयोग? जिनं बघायचं तिनं बघितलं." मी बोलता बोलता थांबले. "सहा मिनिटं दाखवलंस तू. कॅमेरा सहाच मिनिटं चालू होता का?"

"नाही. चाळीस मिनिटं. बाकीचं माझ्याकडे आहे."

चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मी पुढे काय बोलले? काही म्हणजे काही आठवेना. माझं तोंड मला माहीत आहे, ते एकदा सुटलं की लवकर आवरत नाही. याहून वाईटही बोलले असेन. पण काही बरं बोलले असेन तर? एवढी एकच आशा होती. मी म्हटलं, "दाखव. आधी मला एकटीला बघू दे."

रुचिकानं लॅपटॉप काढून स्टुलावर ठेवला. माझा चेहरा आला, लूम सुरू झाले. आणि मागून खाट वाजली. म्हातारी उठली होती. पडद्याचा उजेड दिसला की तिला राहवत नाही, टीव्हीचं व्यसन. आमच्या दोघींच्या मधून सरळ पुढे आली आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली.

"बंद करू?" रुचिकानं घाबरून विचारलं.

डोळे उघडे होते तिचे. तीन दिवसांनी माझ्या तोंडाकडे बघत होती ती, लॅपटॉपमधल्या का होईना. बंद करायला माझा जीव होईना आणि चालू ठेवायची भीती वाटत होती. मी म्हटलं, "राहू दे. व्हायचं ते होऊ दे."

नवसाचं वाक्य पुन्हा आलं. म्हातारीनं पापणी हलवली नाही. मग नुसत्या कांड्या. सुताची एक तार तुटली, तिला मी गाठ मारली. हॉलमध्ये संपलं होतं ती जागा गेली, चित्र पुढे चालू राहिलं. मी घाम पुसला. शेठचं काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारीच्या तोंडाचा कोपरा थोडा हलला. पुन्हा कांड्या.

मग पडद्यावर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि जाईबाईला म्हणाले, "ए, मला आज चारला सोड. माझ्या उरलेल्या कांड्या भर तू. म्हातारीनं सकाळपासून बोंबील-बोंबील लावलंय. चारनंतर ओले बोंबील राहत नाहीत बाजारात."

जाईबाईची नुसती पाठ. तिनं काहीतरी विचारलं. पडद्यावरची मी हसले. "हो गं, सकाळी बदनामी केली तिनं माझी. म्हणून काय उपाशी ठेवू? तिला काटे काढून द्यावे लागतात, नाहीतर अडकतात घशात. सहाच्या आत जेवली नाही की पित्त होतं तिला."

आणि पुन्हा कांड्या.

मला हे आठवत नव्हतं. शपथ घेऊन सांगते, आठवत नव्हतं. रोजचंच होतं ते, लक्षात काय ठेवायचं त्यात?

म्हातारीनं बोटानं खूण केली, मागे घे. रुचिकानं मागे घेतलं. म्हातारीनं पुन्हा वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग ती वळली आणि डोळे उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बोंबील खारट झालतं!"

मी ओठांनी म्हटलं, "झालते. मग सगळे का खाल्लेत?"

म्हातारी यावर तोंडानं बोलली नाही. लूमवर बोलायची तसं बोलली, नुसते ओठ. कान गेल्यापासून तिला तसं बोलताना मी पाहिलं नव्हतं, गरजच नव्हती. ती म्हणाली, "वज्रेश्वरीला नवसाला जाशील तवा मला बी ने. तू नवस बोल, मी गरम पान्यात पाय शेकीन."

मी हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. रुचिका आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. "काय म्हणाल्या? ताई, काय म्हणाल्या आजी?"

"फिरायला जायचं म्हणते," मी सांगितलं. एवढं तरी आमच्या दोघींत राहू दे म्हटलं.

रुचिकानं नवसाचा तुकडा काढला आणि त्या जागी पुढचा घातला, बोंबलांचा. बाहेरच्यांना काय, कुठलाही तुकडा घातला तरी लूमच ऐकू येणार.

पुढच्या शुक्रवारी आम्ही एसटीनं वज्रेश्वरीला गेलो. म्हातारीला खिडकी दिली. अंबाडी नाक्यावर बस थांबली तेव्हा तिनं तिचं माहेर कुठल्या बाजूला ते दाखवलं, मोठ्यानं, सगळ्या बसला. देवळाच्या पायऱ्या आम्ही चढलो नाही. गरम पाण्याच्या कुंडापाशी गेलो, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि पाय सोडून बसलो. म्हातारीनं डोळे मिटले.

मला अजून एक गोष्ट बोलायची राहिली होती. बोंबलांच्या आड ती राहूनच गेली होती. मी तिचे डोळे उघडायची वाट बघत बसले. घाई नव्हती, सुट्टीचा दिवस होता. बऱ्याच वेळानं तिनं उघडले आणि मी आहे का ते बघितलं.

"आई, चुकलं माझं," मी म्हटलं. आवाज न करता.

तिनं वाचलं. मान हलवली. माझ्या मांडीवर ओला हात ठेवला आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. या वेळी मला त्याचा राग आला नाही. मीही मिटले. पाणी चांगलं गरम होतं.